आधी कुणाला सांगायचं?

“मुलांना भाषण नको, नाटक दाखवा,” असा निगडीतल्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा आग्रह आहे. “सायबर सुरक्षेवरची व्याख्यानं शाळाशाळांतून होतात. पाहुणे पासवर्ड कसा ठेवावा ते सांगतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि वर्गात परत जातात. पण जिला आदल्या रात्री ‘तुझा फोटो ग्रुपवर टाकतो’ असा मेसेज आलाय, तिला त्या व्याख्यानात स्वतःचं काही सापडत नाही. नाटकात सापडेल. तिच्याच वयाची मुलगी फोन पालथा ठेवून जेवायला बसलीय, आई ‘काय झालं गं’ विचारतेय आणि ती ‘काही नाही’ म्हणतेय, एवढं बघितलं तरी तिला कळेल की हे जगात आपल्या एकटीवर आलेलं नाही. मार्च २०२५मध्ये नेटफ्लिक्सवर ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका आली. तेरा वर्षांचा मुलगा, इन्स्टाग्रामवरची टवाळी आणि त्याच्याच शाळेतल्या मुलीचा खून. ती माध्यमिक शाळांत मोफत दाखवण्याच्या कल्पनेला ब्रिटनच्या पंतप्रधानांनी पाठिंबा दिला. त्यांना जे पटलं ते निगडीतल्या शाळेला का पटू नये?”

त्यांच्याशी बोलणारे पालक चाकणच्या कारखान्यात कामाला आहेत, मुलगा नववीत. नाटकाला त्यांचा विरोध नाही. नाटकाने काही बदलेल यावर मात्र त्यांचा भरवसा नाही.

“मॅडम, ती मालिका मीही बघितलीय. त्यात तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला इमोजींचा अर्थच लागत नाही, शेवटी त्याचा स्वतःचा मुलगा त्याला तो समजावतो. म्हणजे मोठ्यांना जी भाषा येत नाही, त्या भाषेतलं नाटक आपण मोठेच लिहिणार. आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. नाटकाला ताण लागतो. तो चढवत न्यावा लागतो आणि शेवटी काहीतरी भयंकर घडावं लागतं. २०१७ साली ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ नावाची अमेरिकन मालिका आली होती, शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरची. ती आल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयाच्या मुलांमधल्या आत्महत्या २८.९ टक्क्यांनी वाढल्याचं तिथल्या संशोधकांनी २०१९मध्ये मांडलं. मालिकेमुळेच वाढल्या असं त्यांनी ठामपणे म्हटलं नाही, पण त्याच वर्षी नेटफ्लिक्सने आत्महत्येचा प्रसंग मालिकेतून काढून टाकला. घाबरलेल्या पोराला तुम्ही अंधाऱ्या सभागृहात बसवणार आणि याचा शेवट असाच होतो हे दाखवणार. मग त्याने त्यातून काय घ्यायचं?”

पालकांच्या या हरकतीवर शिक्षिका लगेच उत्तर देत नाहीत, आणि देऊही नये. पौगंडावस्थेतल्या छळावर लिहिलेल्या बहुतेक कथा मृत्यूपर्यंत पोचतात, कारण तिथे पडदा पाडणं सोपं जातं. प्रत्यक्षात असंख्य मुलं या प्रसंगातून सुखरूप बाहेर येतात. त्यांनी कुणाला सांगितलं, पुढे काय झालं, यात नाट्य कमी असतं म्हणून त्या गोष्टी कुणी लिहीत नाही.

“मान्य,” शिक्षिका म्हणतात. “मग नाटकाचा कळस बदलू. कळस म्हणजे ती मुलगी कुणाला तरी सांगते तो क्षण. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याचा कार्यक्रम होता. तिथे अभिनेते अक्षय कुमार यांनी घरचाच प्रसंग सांगितला. त्यांची तेरा वर्षांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. अनोळखी खेळाडूने आधी गोड बोलून ओळख वाढवली, मग मुलगा आहेस की मुलगी असं विचारलं आणि नंतर नग्न फोटो मागितले. तिने गेम बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. बस्स. त्या वडिलांनी मुख्यमंत्र्यांसमोर मागणी केली की सातवी ते दहावीला दर आठवड्याला सायबरचा एक तास ठेवा. मला त्या प्रसंगातलं ‘आईला जाऊन सांगितलं’ हे चार सेकंदांचं काम मुलांना शिकवायचंय. सगळं संकट तिथे अडतं.”

“तिने अजून काही पाठवलेलं नव्हतं, मॅडम. म्हणून ती सांगू शकली. पाठवून बसलेल्या पोराचं काय?”

पालकांचा हा प्रश्न चर्चेला खऱ्या जागी आणतो. त्यांनी स्वतः पाहिलेला, मोबाइल दुरुस्त करून घेताना कुणीतरी दाखवलेला एक धमकीचा नमुना ते जसाच्या तसा सांगतात. आधी फोटो येतो. त्याखाली पोराच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट: आत्या, मामेभाऊ, क्लासचे सर, शाळेचं पेज. मग एक क्यूआर कोड आणि दोन शब्द, ‘दहा मिनिटं’. पोरगं विनवण्या टाइप करत असतानाच आणखी एक स्क्रीनशॉट येतो. त्यात मामेभावाची चॅट उघडलेली असते, फोटो जोडलेला असतो आणि फक्त ‘सेंड’ दाबायचं बाकी असतं. पहाटे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून कंपनीची बस पकडणाऱ्या बापाला त्या दहा मिनिटांत काय चाललंय याचा पत्ता असणं शक्यच नाही. तो बसमध्ये झोपलेला असतो.

“आणि पोराला कशाची भीती असते सांगू?” पालक विचारतात. “त्या धमकीवाल्याची निम्मी. उरलेली निम्मी माझी. फोटो मामेभावाला गेला तर तो मला सांगेल, याची. म्हणजे समोरचा माणूस माझ्याच नावाने माझ्या पोराला धमकावतो. हे नाटकाने कसं जाणार?”

शिक्षिका पुण्याकडे वळतात. सप्टेंबर २०२२च्या अखेरीला, दोन दिवसांच्या अंतराने, पुण्यात १९ आणि २२ वर्षांच्या दोन तरुणांनी आपला जीव संपवला. दोघांनाही अश्लील फोटो-व्हिडिओ पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागितले जात होते. एखाद्याच्या मनात त्या घडीला काय काय दाटलेलं असतं हे कुणी बाहेरून सांगू नये, पण या धमक्या चालू होत्या एवढं तपासात आलं. दत्तवाडी पोलिसांचं पथक माग काढत राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या लक्ष्मणगढ तालुक्यात, गुरुगोठडी नावाच्या गावात पोचलं आणि २९ वर्षांच्या एकाला पकडलं. गावातले बरेच लोक याच उद्योगात असल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं.

“हा धंदा कसा चालतो ते त्या तपासाने उघडं केलं,” शिक्षिका सांगतात. “मुलीच्या नावाचं प्रोफाइल, रात्रीचा व्हिडिओ कॉल, त्याचं रेकॉर्डिंग, मग पैसे. पैसे दिले की दुसरा माणूस दिल्लीच्या सायबर क्राइमचा अधिकारी बनून फोन करतो, केस मिटवायची म्हणून आणखी मागतो. मागणी संपत नाही. समोर बसलेल्याला तुमच्या पोराशी काही देणंघेणं नसतं. त्याच्याकडे त्या रात्री अशी अनेक पोरं गळाला असतात. म्हणून उपायही ठरलेला आहे. पैसे द्यायचे नाहीत, आणखी काही पाठवायचं नाही, चॅट पुसायची नाही. आयडीचं नाव, तारीख-वेळ, यूपीआय, नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि तक्रार करायची. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते. महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. मूल अठराच्या आतलं असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची, २०२३पासूनची. फोटो त्यांना पाठवायचा नसतो. फोटोवरून एक सांकेतिक आकडा तुमच्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच त्यांच्याकडे जातो. त्यांच्याशी जोडलेल्या कंपन्या तो आकडा जुळला की फोटो अडवतात. हे सगळं एका कागदावर मावतं, दादा. लोकांना माहीत नाही म्हणून पोरं मरणाच्या दारात जातात.”

“व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला फोटो त्या आकड्याने अडतो का?”

“खासगी, कूटबद्ध चॅटमध्ये गेलेला नाही अडत,” शिक्षिका कबूल करतात.

“आणि आमच्या पोरांचा सगळा संसार त्याच ग्रुपांवर असतो.”

इथून पालकांची भूमिका बदलते. आतापर्यंत ते नुसती शंका घेत होते. आता ते स्वतःचं म्हणणं मांडतात, आणि ते शिक्षिकेच्या ‘ठरलेल्या उपाया’लाच भिडतं. “अलवरवाल्याचं एक वेळ ठीक आहे. त्याला पकडा, त्याला काय शिक्षा द्यायची ती द्या, मला वाईट वाटणार नाही. पण इथल्याच यमुनानगरच्या नाहीतर प्राधिकरणाच्या शाळेतल्या मुलीला धमकी देणारा तिच्याच वर्गातला निघाला तर? डिसेंबर २०१९मध्ये मुंबईतल्या एका नामवंत शाळेतल्या मुलांचं व्हॉट्सअ‍ॅप संभाषण बाहेर आलं. वर्गातल्या मुलींबद्दल इतकं घाणेरडं की वाचवत नव्हतं. लिहिणारे तेरा-चौदा वर्षांचे. शाळेने आठ मुलांना निलंबित केलं. आता या आठांना तुम्ही अलवरच्या रांगेत बसवणार का? आणि नाही बसवणार, तर ज्या मुलींबद्दल ते लिहिलं त्यांना काय सांगणार? तुमचा कागद फक्त एकाच प्रकारच्या शत्रूसाठी लिहिलाय. पैशासाठी धमकावणारा अनोळखी माणूस एका जातीचा. रुसव्यातून, सुडातून, नुसत्या मजेतून धमकावणारा वर्गमित्र अगदी दुसऱ्या जातीचा. पहिल्याला उत्तर द्यायचं नसतं. दुसरा उद्या सकाळी प्रार्थनेच्या रांगेत मागे उभा असतो, त्याला उत्तर न देऊन कसं भागेल?”

“पण दादा, पहिल्या तासात तुम्हाला कुठे ठाऊक असतं तो कोण आहे ते?” शिक्षिकेचं हे उत्तर जोरकस आहे, आणि त्याला पुरावाही आहे. मे २०२०मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या एका इन्स्टाग्राम ग्रुपवरून देशभर खळबळ माजली. त्याच सुमारास स्नॅपचॅटवरचं एक संभाषण फिरलं, ज्यात एक मुलगा एका मुलीवर अत्याचार करण्याची योजना सुचवत होता. दिल्ली पोलिसांच्या तपासात कळलं की त्या संभाषणाचा ग्रुपशी संबंध नव्हता आणि तो ‘मुलगा’ही मुलगा नव्हता. समोरचा कसा वागतो ते बघण्यासाठी एका अल्पवयीन मुलीनेच खोट्या नावाने ते मेसेज केले होते. उलट कॅनडातल्या अमांडा टॉडचं बघा. ऑक्टोबर २०१२मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ती गेली. जाण्याआधी तिने हातात कागद धरून, न बोलता, आपली हकिकत यूट्यूबवर सांगितली होती. शाळेतली मुलं तिला छळत होती हे सगळ्यांना दिसत होतं. तिचा फोटो वारंवार पसरवणारा मात्र समुद्रापलीकडे नेदरलँड्समध्ये बसलेला प्रौढ माणूस होता. त्याला कॅनडात आणून दोषी ठरवायला २०२२ साल उजाडलं.

“तर मित्र वाटतो तो अनोळखी निघतो, पुरुष वाटतो ती मुलगी निघते, आणि कधी दोन्ही एकदमच चालू असतं,” शिक्षिका पुढे सांगतात. “म्हणून पहिल्या तासाचे नियम दोघांना सारखेच ठेवावे लागतात. कोण आहे हे शोधणं पोलिसांचं काम. ते तुम्ही आम्ही स्टाफरूममध्ये नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून करायला गेलो तर चुकीच्या मुलाच्या कानाखाली वाजवून येऊ.”

“पोलिसांचं काम म्हणता. ते कसं चालतं तेही बघू.” पालकांकडे इथे ऐकीव तक्रारींपेक्षा नेमकं काही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८प्रमाणे या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, फौजदार तो करू शकत नाही. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं १५ ऑगस्ट २०१८ला. त्याआधी निगडीचं ठाणं पुणे शहर पोलिसांकडे होतं आणि चाकणचं ग्रामीणकडे. कारखान्यांबरोबर वस्ती वाढली, वस्तीबरोबर गुन्हे वाढले, पण एका ठाण्यात निरीक्षक असतात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. रात्री अकराला घाबरून आलेल्या आईबापांना ‘सकाळी सायबरला जा’ असं कुणी सांगितलं, तर त्यामागे दर वेळी बेपर्वाई असतेच असं नाही. पण पोराची रात्र तशीच जाते.

शिक्षिका हे खोडून काढत नाहीत. त्या दुसऱ्या कायद्याकडे बोट दाखवतात, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सोकडे, आणि त्यांच्या आवाजात कळकळ येते. “मूल अठराच्या आतलं असेल आणि धमकी लैंगिक हेतूची असेल तर पॉक्सोचं कलम ११ बघा. मुलाच्या शरीराचं चित्रण कुठल्याही माध्यमात वापरण्याची धमकी देणं हाच गुन्हा आहे, आणि चित्रण खरं असो की बनावट. ‘बनावट’ हे तेव्हाच लिहून ठेवलंय, आजची एआयची सोंगं यायच्या कितीतरी आधी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मुलाला ठाण्याची पायरी चढायला लावायची नाही अशी तजवीजही त्याच कायद्यात आहे. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईबाप किंवा विश्वासातलं माणूस शेजारी असताना घ्यायचा. मुलाची ओळख बाहेर येऊ द्यायची नाही. हे पालकांना माहीत असलं तर अर्धी भीती जाते.”

“आणि कलम १९?”

शिक्षिका थांबतात. या एका कलमाभोवती ही सारी चर्चा शेवटी फिरते, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं. पॉक्सोखालचा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असं कलम १९ सांगतं. शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, शेजारी, कुणीही. न कळवणाऱ्याला कलम २१नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. घरातल्या आणि संस्थांमधल्या अत्याचारांवर पांघरूण घातलं जाऊ नये म्हणून हे कलम आलं, आणि त्याची गरज कुणीही समंजस माणूस नाकारणार नाही.

“म्हणजे बघा,” पालक म्हणतात, “समजा, एखादी मुलगी तुमच्याकडे येते. ‘मॅडम, एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नका.’ तुम्ही तिला काय म्हणणार? ‘नाही सांगणार’ म्हणालात तर खोटं बोललात, कारण कायद्याने तुम्ही बांधलेल्या आहात. ‘सांगावं लागेल’ म्हणालात तर ती ‘काही नाही, असंच’ म्हणून वर्गात निघून जाईल. तुमच्या नाटकात ती सांगते आणि पडदा पडतो. खरा खेळ त्यानंतर आहे, मॅडम. सांगितल्यावर गोष्ट तिच्या हातात राहत नाही. आधी त्या पोराने तिच्या हातातून काढून घेतली होती, आता आपण काढून घेतो.”

“पण मग गप्प बसायचं?” शिक्षिका उसळून विचारतात. “‘मुलीचं नाव खराब होईल’ म्हणत वर्षानुवर्षं गप्पच बसत आलो ना आपण? शेवटी दाखला कुणाचा निघतो? त्या मुलाचा? मुलगीच शाळा सोडते, क्लास सोडते, फोन सोडते. तक्रार झाली की निदान मूळ दोष कुणाचा हे कागदावर येतं. आणि मुलावर केस पडून त्याचं आयुष्य संपेल ही जी भीती घातली जाते, ती बरीचशी अज्ञानातून आहे. बाल न्याय कायद्याखालचे नियम सांगतात की अठराच्या आतल्या मुलाने केलेला गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात कुणी प्रौढ सामील नसेल, तर एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाला द्यायचा. पुढे नोकरीत, शिक्षणात त्या गोष्टीचा अडसर येऊ नये असंही कायदा म्हणतो. समुपदेशन, देखरेख, समाजसेवा, असे मार्ग आहेत. मुलाला सुधारायची संधी आणि मुलीला न्याय, दोन्ही एका चौकटीत बसवायचा प्रयत्न आहे तो.”

“त्या चौकटीवर लोकांचा विश्वास किती आहे ते मे २०२४मध्ये कल्याणीनगरला दिसलं,” पालक आठवण करून देतात. सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोघांचा जीव गेला, आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेल्या अटींमधली अपघातांवरच्या ३०० शब्दांच्या निबंधाची अट ऐकून सगळं पुणे पेटलं. “तो राग बरोबर होता, मीही रागावलो होतो. पण त्यानंतर ‘मुलांसाठी सौम्य कायदा’ म्हटलं की पीडित मुलीच्या बापाला ‘तो सुटणार’ एवढंच ऐकू येतं. मग तो कडक कायदा मागतो. आणि कडक, ढिसाळ शब्दांतल्या कायद्याचं काय होतं तेही आपल्याच राज्याने बघितलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम ‘त्रासदायक’ मेसेजांसाठी होतं. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका तरुणीला आणि त्या ओळी लाइक केल्या म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. तेव्हापासून नुसत्या टवाळीला, एखाद्या मुलाला ग्रुपवर रोज उठून ‘गे’, ‘जाड्या’, ‘ओटा स्कीमवाला’ म्हणून सोलून काढण्याला, थेट लागू होईल असं वेगळं कलम नाही. लैंगिक काही असेल तर पॉक्सो लागणार. नसेल तर त्या मुलाला ‘दुर्लक्ष कर’ एवढाच सल्ला. माझ्या पोराला कुणी महिनाभर वस्तीवरून हिणवलं तर ते तुमच्या कुठल्या कागदात बसतं?”

याचं उत्तर शिक्षिकेकडे आहे, पण ते कायद्याचं नाही. सेक्टर २२मधली ओटा स्कीमची वस्ती आणि प्राधिकरणातले बंगले यांच्यामध्ये फार अंतर नाही, दोन्हीकडची मुलं काही वर्गांत एकत्र बसतात, आणि तो फरक फोनवर किती क्रूरपणे बोलला जातो हे त्यांना ठाऊक आहे. अशा वेळी पोलीस नकोत, शाळाच हवी, असं त्या म्हणतात. वर्गशिक्षकाने ग्रुपमधल्या सगळ्यांना, हसणाऱ्या मूक सभासदांनासुद्धा, समोर बसवून बोलायला हवं. पालकांना हे पटतं. इतक्या वेळात दोघांचं पूर्ण जमलेलं हे पहिलंच.

“मग आता तुमच्या बाजूचं बघू,” शिक्षिका म्हणतात. “मी गुप्ततेचं वचन देऊ शकत नाही, खरंय. तुम्ही एक वचन द्याल? पोरगा येऊन म्हणाला, ‘बाबा, चूक झाली,’ तर फोन काढून घेणार नाही, असं?”

“ओरडणार नाही, हात उचलणार नाही, एवढं देतो.”

“फोन?”

“ते नाही देता येत. ज्या दारातून चोर आला ते उघडं ठेवू? सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडियाची खाती नकोत असा कायदा ऑस्ट्रेलियाने केलाय, १० डिसेंबर २०२५पासून तो लागूही झाला. एक अख्खा देश जे करतो ते एका बापाने केलं तर काय चुकलं?”

“तुमच्या पोराच्या दृष्टीने फोन जाणं म्हणजे क्लासचे ग्रुप, मित्र, क्रिकेटची टीम, सगळंच जाणं. सांगितल्याची शिक्षा त्यालाच होते. धमकी देणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं. देशाने सगळ्यांची खाती बंद केली तर कुणी एकटा पडत नाही. तुम्ही काढून घेतला तर तो एकटा पडतो.”

पालक बराच वेळ यावर बोलत राहतात: सेकंड शिफ्टहून रात्री बाराला आल्यावर पोराच्या खोलीत दिसणारा उजेड, बायकोचं घाबरणं, हप्त्यावर घेतलेला तो फोन. पण वचन ते देत नाहीत. आणि शिक्षिकाही आपलं वचन देऊ शकत नाहीत. घाबरलेल्या मुलाला मोठ्यांकडून दोनच गोष्टी हव्या असतात, माझं कुणाला सांगू नका आणि माझं काही काढून घेऊ नका. त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेली ही दोन माणसं त्यातली एकेक गोष्ट प्रामाणिकपणे नाकारतात.

“म्हणून मूल मित्राला सांगतं,” शिक्षिका म्हणतात. “कलम २१मध्ये एक छोटं पोटकलम आहे, तिसरं. न कळवल्याची शिक्षा लहान मुलांना लागू नाही. सगळ्या जगात त्या मुलीचं गुपित ठेवायची मुभा कायद्याने एकट्या तिच्या मैत्रिणीला दिलीय. मग आपण मैत्रिणीलाच तयार करू. तिने काय करायचं? तो फोटो बघायला मागायचा नाही, पुढे तर पाठवायचाच नाही. फोटो नाही, धमकीचे स्क्रीनशॉट जपायचे. त्या रात्री तिला एकटीला सोडायचं नाही, फोनवर का होईना. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरला फोन लावायला सोबत बसायचं. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालू असतो. आणि मोठ्या माणसाकडे जाताना सोबत जायचं.”

“चौदा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर एवढं ओझं?”

“ते आत्ताही तिच्याच डोक्यावर आहे. फक्त शिकवलेलं नाही.”

पालक मान हलवतात, पण तिथेच सोडत नाहीत. “समजा, माझाच पोरगा तो मित्र आहे. वर्गातल्या मुलीने त्याला सांगितलं. त्याला झोप लागेना म्हणून त्याने रात्री मला सांगितलं. आता मला कळलंय. मी मोठा माणूस, कलम १९ मला लागू. मुलगी दुसऱ्याची, तिचा बाप कोण, कसा, मला माहीत नाही. तो समजूतदार असेल, नाहीतर तिचं शिक्षण बंद करणारा असेल. मी सकाळी निगडी ठाण्यात जाऊ, की आधी त्यांच्या घरी?”

“आधी त्या मुलीला विचारा.”

“ती ‘नको’ म्हणाली तर?”

“तर का नको ते ऐकून घ्या. घरच्यांची भीती आहे का ते कळेल. ठाण्यात जाताना ते सांगता येईल, म्हणजे घरी जबाबाला येणारी बाई नुसती दारात उभी राहून बापाला हाक मारणार नाही.”

“म्हणजे जायचंच.”

“जायचंच.”

“मी आधी तिच्या आईला गाठीन,” पालक म्हणतात. “तिच्या आईला, एकटीला. आणि ती म्हणाली ‘भाऊ, दोन दिवस थांबा’, तर थांबेन मी, मॅडम. कायदा काही म्हणो.”

“त्या दोन दिवसांत फोटो कुठवर जाईल?” शिक्षिका विचारतात.